प्रक्रियागृहाची फरशी कशी निवडाल?

परभणी जिल्ह्यात मोसंबी रसाचा किंवा टोमॅटो सॉसचा उद्योग काढताना यंत्रांची चौकशी होते, फरशी मात्र गवंड्यावर सोपवली जाते. शहाबादी व कोटा हे चुनखडीचे दगड. आंबट रसाने ते खडबडीत होतात. सिमेंटचा कोबाही झिजतो. इपॉक्सी चकचकीत दिसते, पण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते. उकळता सॉस सांडला व वर गार पाणी ओतले, की ती कोब्यापासून सुटते. फटीत रस कुजून माल नासतो. म्हणून कढईभोवती व वाफेने धुण्याच्या जागी ९ मि.मी. जाडीचा पॉलियुरेथेन-सिमेंटचा थर द्यावा. तो महाग पडतो, तेव्हा कोरड्या गोदामात कोबाच पुरे. गटाराकडे दर मीटरला दीड सें.मी. उतार मात्र विसरू नये.