मुलीच्या ताटात काय पडते?

पालकहो, दहावीतली मुलगी अभ्यासाला बसते आणि पाच मिनिटांत तिचे लक्ष उडते. आपण म्हणतो, आळशी आहे, मोबाईलचे वेड आहे. कधी ते खरेही असते. पण तिच्या ताटाकडे आपण किती वेळा पाहतो?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. शेतकरी घरांतल्या स्त्रियांची नोंद गरोदरपणाच्या आधीपासून ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांचीही, थेट ती वयात येईपर्यंत. बहुतेक मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आईला ब-१२ फारच कमी होते, ती मुले लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्यात मागे पडली. बुद्धीच्या इतर चाचण्यांत मात्र फरक नव्हता. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते तसे मज्जातंतूंवर असते, आणि ते तयार व्हायला ब-१२ लागते. हे काम पोटात असताना सुरू होते, पण तिथे संपत नाही. विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडेपर्यंत घडत असतो.

२०१२ मध्ये डॉक्टर त्याच मुलांकडे पुन्हा गेले. ती आता सतरा-अठरा वर्षांची होती. काहींना रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम ब-१२ दिले, काहींना नुसतीच गोळी. पुढे त्यांतल्या मुलींची लग्ने झाली, बाळे झाली. ब-१२ घेतलेल्या मुलींची बाळे दोन-तीन वर्षांची झाली तेव्हा समज आणि बोलणे यांत सरस ठरली. बाळांची संख्या थोडी होती, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. तरी लग्नाआधीच्या वयात मुलगी काय खाते, ते नातवंडापर्यंत पोहोचते असे दिसते.

लक्ष न लागणाऱ्या प्रत्येक मुलीला हीच कमतरता असते असे नाही. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. पण ब-१२ भाजीभाकरीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. आपल्या डोळखांब भागात सुकट आहे, पावसात चिंबोऱ्या आहेत, दारात कोंबड्या आहेत. तरीही तुकडे बापाच्या आणि भावांच्या ताटात जातात. वाढणाऱ्या मुलीला उरतो तो रस्सा.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलीने जरूर घ्यावी. तीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, ब-१२ नसते.

आणखी एक. उपवासकाळात शुक्रवारी काही घरांत मांसाबरोबर अंडी आणि मासळीही बंद होते. चर्चचा नियम मांसाचा आहे, आणि तोही चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना. अंडे, दूध, सुकट यांच्या आड तो येत नाही.