हृदयाच्या झडपेचं दुसरं ऑपरेशन : छोटा छेद, मोठी तयारी

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात, हे आपण शिकलो आहोत. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. पण ते दिवसातून सुमारे 1 लाख वेळा! लहानपणी घशाच्या संसर्गामागून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने किंवा उतारवयात कॅल्शियम साचल्याने झडप बिघडते. फार बिघडली तर बदलावी लागते.

कृत्रिम झडपेचे दोन प्रकार

1. यांत्रिक झडप : खूप वर्षं टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.
2. प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली झडप : सहसा ही गोळी कायम लागत नाही, पण 10 ते 15 वर्षांत ती झिजू शकते. मग दुसरं ऑपरेशन येतं.

दुसरी वेळ अवघड का?

पहिल्या वेळी छातीचं मधलं हाड उभं कापलेलं असतं. जखम भरताना हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या आतून त्या हाडाला चिकटू शकतात. तिथेच पुन्हा करवत चालवली तर इजा होऊन मोठा रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांत किती अंतर आहे ते बघतात.

छोट्या छेदाचे मार्ग

एक, उजव्या बरगड्यांमधून छोटा छेद घेऊन झडपेपर्यंत जायचं. द्विदल झडपेसाठी ही वाट सोयीची. दोन, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून, घडी केलेली नवी झडप जुन्या झडपेच्या आतच उघडायची. नळीने महाधमनीची झडप बसवण्याचा पहिला प्रयोग फ्रान्सच्या डॉ. अलँ क्रिबिए यांनी 2002 मध्ये केला. आज अशी झडप आपल्या बोईसर-डहाणूच्या पुढे, वापीतल्या मेरिल कंपनीत तयार होते.

मग हे सगळ्यांना जमतं का?

नाही. जुनी झडप यांत्रिक असेल तर तिच्या आत दुसरी बसवता येत नाही. ती ऊतीची असली तरी आकाराने फार लहान असेल तर अडचण येते. म्हणजे पुढची वाट ठरते ती जुन्या झडपेच्या प्रकारावर आणि मापावर.

तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या किंवा पालघरच्या पाड्यावर राहणाऱ्या माणसाचं पहिलं ऑपरेशन कुठल्या तरी लांबच्या शहरात झालेलं असू शकतं. घर बदलतं, डॉक्टर बदलतात, कागद हरवतात. म्हणून घरात कुणाची झडप बदललेली असेल, तर आजच एवढं करा :

- झडपेचं कार्ड (कंपनी, प्रकार, मिलीमीटरमधलं माप) आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा.
- रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा.
- दम लागणं, पाय सुजणं वाढलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

स्वाध्याय : ऊतीच्या झडपेत नवी झडप बसते, यांत्रिक झडपेत का बसत नाही? दोन्हींच्या आकृत्या काढून विचार करा.