चाकांच्या मझगानची नळी कुठे सोडावी?



गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी शेजारच्या मावशींकडे गेले. वय 81, एकट्याच राहतात. मुलाने त्यांना चाकांचा मझगान आणून दिला होता. तो घरघर करीत चालू होता, आणि मावशी पलंगावर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. "अगं, हा मेला थंड हवा सोडतो, तरी खोली तापतेच आहे. दुकानदाराने बिघडलेला गळ्यात मारला," म्हणाल्या. उठायला गेल्या आणि त्यांचा तोल गेला. मी धरले, आडवे केले, पाय उशीवर ठेवले. नाडी जलद, ओठ सुकलेले. मावशी रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेतात, आणि सारखे उठावे लागते म्हणून पाणी कमी पितात. ओल्या फडक्याने अंग पुसले, घोट घोट पाणी दिले, तेव्हा अर्ध्या तासाने बरे वाटू लागले.

मझगान बिघडलेला नव्हता. मागची जाड नळी बाल्कनीत सोडली होती, आणि बाल्कनी काचा लावून बंद केलेली! गरम हवा तिथे साठून दारातून परत खोलीत येत होती.

मझगान थंडी तयार करीत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. भिंतीवरच्या मझगानचा गरम भाग घराबाहेर टांगलेला असतो. चाकांच्या मझगानचे दोन्ही भाग एकाच पेटीत, म्हणून त्याला नळी लागते. नळी घरातच राहिली तर पुढून थंड हवा, मागून त्याहून जास्त उष्णता. त्यात यंत्र स्वतः हजार-बाराशे वॉट वीज खाते, तीही उष्णताच होते. म्हणजे भर उन्हाळ्यात हीटर लावल्यासारखे झाले. आमच्या कोकणातल्या घरी गरम हवा कौलांच्या फटींतून आपोआप निघून जायची. इथल्या सिमेंटच्या खोलीत तिला वाट आपणच करून द्यावी लागते.

नळीचे तोंड खिडकीतून थेट उघड्यावर काढा. जिन्यात किंवा दुसऱ्या खोलीत नको. सोबत मिळणारी पट्टी सरकत्या खिडकीत बसवा आणि उरलेली फट स्पंजने बंद करा. बाहेरचा त्रिस नळीच्या तोंडावर उतरवू नका. नळी आखूड आणि सरळ ठेवा, जोड देऊन लांबवू नका. ती तापते, म्हणून पडद्याला किंवा गादीला टेकू देऊ नका. हे यंत्र खोलीतली हवा बाहेर फेकते, त्यामुळे फटींतून बाहेरची गरम हवा आत ओढली जाते. म्हणून लहान खोली निवडा आणि दार लावून घ्या. जिथे गॅस जळतो त्या खोलीत हे यंत्र नको, धूर आत ओढला जाऊ शकतो.

ममादमध्ये झोपणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. सायरन झाला की लोखंडी खिडकी बंद व्हायला हवी. नळी एका हिसक्यात निघते का, हे दिवसा करून पाहा. हातात तेवढे बळ नसेल तर मझगान दुसऱ्या खोलीत ठेवा. ममादच्या भिंतीला आपल्या मनाने भोक पाडू नका.

काही जण पाण्याच्या कूलरलाही मझगानच म्हणतात. त्याला नळी नसते, उलट त्याच्यासाठी खिडकी थोडी उघडी लागते. दिमोनाच्या कोरड्या हवेत तो चालतो. अश्दोदच्या दमट हवेत मात्र ओल वाढते आणि घाम सुकत नाही.

शब्बाथ पाळणाऱ्यांनी शुक्रवारी मेणबत्त्या लावण्यापूर्वी मझगानची पाण्याची टाकी रिकामी करावी. ती भरली की पुष्कळ यंत्रे आपोआप बंद पडतात.

मावशींचा मझगान आता झोपायच्या खोलीत आहे, नळी खिडकीबाहेर. गोळीबद्दल त्या डॉक्टरांशी बोलल्या. आपणही गोळी मनाने बंद करू नका. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास उन्हाळ्यात पाणी किती प्यावे हे डॉक्टरांनाच विचारा. उन्हाने कोणी असंबद्ध बोलू लागले, शुद्ध हरपली किंवा ताप 40 अंशांवर गेला, तर लगेच 101 ला फोन करा, मग शब्बाथ असला तरी. मदत येईपर्यंत अंग ओले करून वारा घाला. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.