तिकिटावर राज्याचं नाव वाचा

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही एजंटला 'कोलंबस, इंडियाना' असंच लिहून दिलं होतं. धाकटा भाऊ गणेश याच्या घरचा पत्ता, तिथल्या पिनकोडसकट, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. उतरायचं विमानतळ इंडियानापोलिस, हेही त्यातच होतं. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. हे सांगायचं कारण, ताथवड्यात ही हकिकत कुणाला सांगितली की पहिलं वाक्य येतं, "तुम्ही नीट बघायला हवं होतं." ते ऐकून ऐकून कान किटले.

आमच्याकडून अमेरिकेला जाणारे बहुतेक जण न्यूयॉर्क, नायगारा आणि लास व्हेगास करून येतात. मला दिवाळीच्या कंपनी-सुट्टीला जोडून जेमतेम आठवडा मिळत होता. तेवढ्यात तीन शहरं पळत बघण्यापेक्षा एकच लहान गाव नीट बघावं, असं मी आणि बायकोने ठरवलं. आईलाही ते झेपणार होतं. भाऊ तिथे आहेच. शिवाय चाकणच्या पट्ट्यात इंजिनांशी संबंध आलेल्या माणसाला हे कोलंबस परकं नसतं. कमिन्स कंपनी १९१९ साली तिथेच सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आजही तिथे आहे. कोथरूडची किर्लोस्कर-कमिन्स १९६२ची.

गाव साधारण पन्नास हजार वस्तीचं, म्हणजे आपल्या वाकड-ताथवड्यापुढे काहीच नाही. पण आधुनिक वास्तुकलेसाठी जगभरचे विद्यार्थी तिथे येतात. कमिन्सचे जे. अर्विन मिलर यांनी एक योजना काढली होती: गावात शाळा किंवा सार्वजनिक इमारत बांधायची असेल आणि कंपनीच्या फाउंडेशनने सुचवलेल्या यादीतला वास्तुरचनाकार निवडला, तर त्याची फी फाउंडेशन देणार. त्यामुळे एवढ्याशा गावात आय. एम. पे यांनी बांधलेलं वाचनालय आहे आणि त्याच्यासमोर हेन्री मूर यांची प्रचंड ब्राँझची कमान. एलिएल सारिनेन यांचं १९४२चं चर्च आहे, त्यांचे चिरंजीव ईरो यांचं १९६४चं आहे. मिलर कुटुंबाचं घरही ईरो सारिनेन यांचंच, १९५७चं. मुलगा आर्किटेक्चरला जायचं म्हणतो, त्याला ते घर दाखवायचं होतं. घर बघायला मोजक्या लोकांच्या ठरावीक फेऱ्या असतात आणि त्या आधीच भरतात. भावाने कितीतरी आधी आमची जागा धरली होती, आम्ही पोचू त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची.

एजंटने पहिलं कच्चं तिकीट पाठवलं त्यात इंडियानापोलिस होतं. मी तपासलं, हो म्हटलं, पैसे भरले. पक्कं तिकीट हातात आलं ते निघायच्या आदल्या रात्री, बॅगा भरण्याच्या गडबडीत. त्यावर 'कोलंबस' असं लिहिलेलं. आम्ही कोलंबसलाच चाललो होतो. संशय यायचं कारणच नव्हतं.

न्यूअर्कला इमिग्रेशन, बॅगा, पुन्हा चेक-इन, सगळं सुरळीत झालं. दुसरं विमान उतरलं. आईसाठी व्हीलचेअर आली. आम्ही बाहेरच्या दाराकडे निघालो तेवढ्यात भावाचा फोन आला. "दादा, बाहेर आलात का? मी दाराशीच उभा आहे." मी म्हटलं, आम्हीही दाराशीच आहोत. तो म्हणाला, दिसत नाही. मी हात वर केला. तो पुन्हा म्हणाला, दिसत नाही. बायको समोरच्या दुकानात टांगलेले स्वेटशर्ट बघत होती. ती वळून मला म्हणाली, "अहो, इथे सगळीकडे ओहायो का लिहिलंय?"

तेव्हा लख्ख कळलं. हे ओहायोचं कोलंबस, नऊ लाखांहून जास्त वस्तीचं, त्या राज्याची राजधानी. आमचं कोलंबस शेजारच्या राज्यात, मोटारीने तीन-साडेतीन तासांवर. रेल्वे म्हणाल, तर एवढ्या मोठ्या शहरात १९७९पासून प्रवासी गाडीच येत नाही. आई विचारत होती, "अरे, गणेश कुठाय?" आणि मला तिला काय सांगावं ते सुचत नव्हतं.

भाऊ इंडियानापोलिसहून तसाच निघाला. आम्ही त्या विमानतळावर बसून राहिलो. घरी पोचायला मध्यरात्र उलटली. पहाटे आईला ताप भरला. मिलर यांच्या घराची फेरी गेली, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या होत्या. मुलगा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला अजून टोचतं.

एजंटला तिथूनच फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, "साहेब, कोलंबसच सांगितलं होतं ना तुम्ही?" मी त्याला आमचा तोच मेसेज पुन्हा पाठवला. मग म्हणाला, "शेजारीच आहे की, राज्याला राज्य लागून." पुढे कबूल केलं, की पक्कं करताना ओहायोचं भाडं कमी दिसलं म्हणून बदललं. भाडं कमी होतं, तर फरक आम्हाला का नाही मिळाला? या प्रश्नानंतर त्याने फोन घेणं बंद केलं. निळ्या खुणा मात्र दिसत होत्या. परत आल्यावर दुकानात गेलो, तर चहा मागवला आणि पुढच्या सहलीला सूट देतो म्हणाला. माफीचा शब्द नाही.

परतीचं तिकीटही ओहायोतूनच होतं. बदलायला विमान कंपनी जे पैसे सांगत होती ते आवाक्याबाहेरचे. इंडियानापोलिसहून वेगळं तिकीट काढून न्यूअर्कला जाऊन पुढचं विमान पकडावं, असं मनात आलं होतं. ते कधीही करू नका. एकाच तिकिटातला एक टप्पा सोडला की पुढचं सगळं तिकीट रद्द होतं. म्हणून शेवटचा दिवसही रस्त्यात घालवला.

आता तुमच्यासाठी. शहराचं नाव वाचून थांबू नका, विमानतळाची तीन अक्षरं वाचा. इंडियानापोलिसची आय-एन-डी, ओहायोच्या कोलंबसची सी-एम-एच. जॉर्जियातही एक कोलंबस आहे, त्याची सी-एस-जी. पोर्टलंड मेन राज्यातही आहे आणि ऑरेगॉनमध्येही. आमच्या कोलंबसपासून जवळच, पानगळीचे रंग बघायला लोक जातात त्या ब्राउन काउंटीतल्या गावाचं नाव नॅशव्हिल आहे, आणि गाण्यांचं नॅशव्हिल टेनेसीत. लहान गावाला जाताना हा धोका जास्त, कारण त्याच नावाचं मोठं शहर यादीत आधी दिसतं. आमच्या कोलंबसच्या छोट्या विमानतळावर तर नियमित प्रवासी विमानंच येत नाहीत.

एजंटची पीडीएफ खरी मानू नका. पीएनआर मागा आणि विमान कंपनीच्या साइटवर स्वतः उघडा, तेही पक्कं झाल्याच्या दिवशीच. शक्य असेल तर तिकीट थेट कंपनीकडून काढा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानाचं तिकीट सुटण्याच्या किमान सात दिवस आधी काढलं, तर कंपनीने ते २४ तासांत दंडाशिवाय रद्द करू द्यावं किंवा तेवढा वेळ भाव राखून ठेवावा, असा तिथल्या परिवहन खात्याचा नियम आहे. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाला तो लागू होत नाही. अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, त्यामुळे मध्ये तीन तास तरी ठेवा. लहान गावात गाडीशिवाय हाल होतात. गाडी भाड्याने घ्यायची तर चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, आणि आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. विमा घ्या. गरम कपडे घ्या.

गावाला मात्र मी नावं ठेवणार नाही. वॉशिंग्टन स्ट्रीटवर १९००पासूनचं झाहाराकोस नावाचं आइस्क्रीमचं दुकान आहे, तिथे आई ताप उतरल्यावर तासभर बसली होती. बघण्यासारखं बरंच राहून गेलं.

एजंटबरोबरची सगळी बोलणी लेखी ठेवा, फोनवर ठरलेलंही नंतर मेसेज करून पक्कं करा. असं काही घडलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. आम्ही केली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो पत्ता, कच्चं तिकीट आणि पक्कं तिकीट अशी तिन्ही कागदपत्रं जोडली आहेत.