वेदना, वैद्य आणि विश्वास : हाडांच्या व सांध्यांच्या दुखण्यात तज्ज्ञांकडे केव्हा जावे?

शास्त्रभाग : २ इतिहास १६:७-१३, लूक १०:३०-३५, लूक १३:१०-१७

छत्तीसगढातील रायपूर-धमतरी मार्गावर अभनपूर हे गाव आहे. या परिसरात काय किंवा आपल्या विदर्भात काय, शेतीची कामे, पाण्याच्या घागरी आणि डोक्यावरचे भारे यांनी माणसांची हाडे व सांधे लौकर थकतात. दुखणे सुरू झाले की प्रथम तेल चोळले जाते, मग हाडवैद्याकडून पट्टा बांधला जातो, मंडळीत प्रार्थना होते आणि सर्व उपाय संपल्यावर डॉक्टरांची आठवण होते. यातील प्रार्थना योग्यच आहे. परंतु हा क्रम योग्य आहे काय? प्रार्थना करणाऱ्याने वैद्याकडे जाणे हे अविश्वासाचे लक्षण आहे काय? या प्रश्नाचा शास्त्राच्या आधारे विचार करू.

१. आसा राजाचा दोष कोणता?

वैद्यकीय उपचारांविरुद्ध बहुधा एकच वचन पुढे केले जाते. आसा राजाला त्याच्या कारकिर्दीच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पायांचा जबर रोग झाला, तेव्हा तो परमेश्वराला शरण न जाता वैद्यांकडे गेला, असे २ इतिहास १६:१२ सांगते. या ठिकाणी मूळ इब्री भाषेतील 'दाराश' हे क्रियापद लक्षात घेतले पाहिजे. 'शोध घेणे, कौल विचारणे, शरण जाणे' असा त्याचा अर्थ आहे. इतिहासकाराचा हा आवडता शब्द. याच आसाने आपल्या कारकिर्दीच्या आरंभी यहूदाला परमेश्वराचा शोध करण्यास सांगितले (१४:४) आणि लोकांनी तसा करारही केला (१५:१२). तेथेही हाच शब्द आहे. पुढे मात्र तो अरामाच्या राजावर विसंबला आणि त्याबद्दल कानउघाडणी करणाऱ्या हनानी द्रष्ट्याला त्याने बंदीत टाकले.

म्हणजे त्याचा दोष वैद्य बोलावण्यात नसून देवाला सोडण्यात होता. अरामाशी केलेल्या तहातून जे अंतःकरण दिसले, तेच आजारपणातही दिसले. याउलट हिज्कीया राजाने अश्रू ढाळून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधावयास सांगितले (यशया ३८:२१). प्रार्थना आणि पोटीस एकाच खोलीत होती. लूक हा 'प्रिय वैद्य' होता, हेही पौलाने आवर्जून लिहिले आहे (कलस्सैकरांस ४:१४).

मोडलेले हाड बांधण्याची कला बायबलच्या लेखकांना ठाऊक होती. यहेज्केल ३०:२१ मध्ये फारोचा मोडलेला हात पट्ट्या गुंडाळून बांधला नाही, म्हणून तो तरवार धरण्याइतका सबळ झाला नाही, अशी प्रतिमा आहे. चौतिसाव्या अध्यायात तर मोडलेल्यास न बांधणे हा मेंढपाळांवरील आरोपच आहे. जखमेची हेळसांड हे देवाच्या दृष्टीने विश्वासाचे चिन्ह नव्हे.

२. वेदना ही साक्षीदार आहे

तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड (१९१४-२००३) हे १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिशल्यचिकित्सक होते. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती रोगाने मांस कुजल्यामुळे, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड यांना आढळले की संवेदना नष्ट झाल्यामुळे रोग्याला चटका, जखम वा ओझे कळत नाही आणि न कळलेल्या इजांनीच बोटे व सांधे नष्ट होतात. वेदना ही देवाची देणगी आहे, हे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

तेव्हा वेदना नुसती दडपून टाकणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय. औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला व जठराला घातक ठरतात. गावोगावी 'ताकदीचे' म्हणून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनात कित्येकदा स्टेरॉइड असते. काही काळ आराम वाटतो, पण त्याचा अतिरेक झाल्यास हाडे ठिसूळ होतात व खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठाही खंडित होऊ शकतो.

३. साक्ष केव्हा तातडीची समजावी?

प्रत्येक दुखण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. श्रमाने भरलेली कंबर किंवा किंचित मुरगळलेला घोटा बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत बरा होतो. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा सोसेल तशी हालचाल ठेवणेच हितकर. पण पुढील चिन्हे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे :

(अ) मार लागल्यावर अवयव वेडावाकडा दिसणे, त्यावर भार न घेता येणे, किंवा जखमेतून हाड दिसणे.

(आ) पट्टा वा प्लास्टर बांधल्यावर वेदना वाढत जाणे, बोटे थंड, निळसर वा बधिर होणे. आतील दाबाने रक्तप्रवाह अडला तर सुमारे सहा तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. घट्ट पट्ट्यापायी हात गमावावा लागतो तो असा.

(इ) एखादा सांधा एकाएकी सुजून लाल व गरम होणे आणि ताप येणे. किंवा तापलेल्या लहान मुलाने हात वा पाय हलविण्याचे टाळणे. सांध्यात पू झाल्यास काही दिवसांतच त्यातील कूर्चा नष्ट होते.

(ई) पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती जाणे, बसण्याची जागा बधिर होणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे.

(उ) वृद्ध व्यक्ती घरात साधी घसरून पडली तरी खुब्यात दुखून तिला उभे राहता न येणे. हे हाड मोडले असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी.

काही चिन्हे इतकी तातडीची नसली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. रात्री झोप मोडणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप व वजन घटणे ही मणक्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात. या रोगाचे निदान वेळेवर झाले तर औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात; उशीर झाला तर कुबड वा पक्षाघात येऊ शकतो. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ बोटे आखडणे व अनेक सांधे सुजणे, हाडावर वाढत जाणारी गाठ, मुलाचे लंगडणे, सहा आठवडे होऊनही न हटणारे दुखणे, यांसाठीही तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

छत्तीसगढ व विदर्भ या दोन्ही प्रदेशांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. त्यात हाडे वारंवार दुखतात. अशा रुग्णाच्या जांघेत दुखू लागले तर 'नेहमीचेच' म्हणून सोडू नये. खुब्याच्या गोलाची तपासणी करून घ्यावी. या विकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे.

जन्मतः वाकडे पाऊल असलेल्या बाळांचा उल्लेख केलाच पाहिजे. 'देवाची इच्छा' म्हणून ती घरीच राहतात. वस्तुतः पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करण्याची पोन्सेटी पद्धती बहुतेक बाळांत यशस्वी होते. मात्र त्यानंतर कित्येक वर्षे विशेष बूट वापरावे लागतात.

४. शमरोन्याचा धडा

लूक १३ मधील स्त्री अठरा वर्षे कमरेत वाकलेली होती. सभास्थानाचा अधिकारी म्हणाला, कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. प्रभूने मात्र आणखी एक दिवसही तिला त्या बंधनात ठेवले नाही. आपल्या मंडळीतील वाकलेल्या आईकडे पाहण्याची आपल्यालाही सवय होऊन जात नाही काय?

चांगल्या शमरोन्याने काय केले, तेही क्रमाने पाहा. त्याने जखमा बांधल्या, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दोन दीनार मोजले आणि परत येण्याचे वचन दिले. प्रथमोपचार, वाहन, खर्च आणि पुढील विचारपूस : मंडळीची सेवा याच चार पायऱ्यांची आहे. त्याने सर्व काही स्वतःच केले नाही. जे त्याच्याने झाले नसते ते त्याने दुसऱ्याच्या हाती सोपविले. अभनपूरच्या एका बाजूला धमतरीचे १९१० पासूनचे ख्रिस्ती रुग्णालय आहे, तर दुसऱ्या बाजूला रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णसेवेचा पाया घातला. प्रार्थना करणाऱ्या हातांनीच या परंपरेतील कितीतरी रुग्णालये बांधली आहेत. तेथे जाणारा विश्वासी आसाच्या नव्हे, हिज्कीयाच्या वाटेने चालत असतो.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आसा व हिज्कीया यांच्या आजारपणातील वागणुकीत कोणता फरक दिसतो?

२. आपल्या मंडळीत दीर्घकाळ दुखणे सोसणारे कोण आहेत? त्यांच्याबरोबर रुग्णालयात कोण जाईल?

३. प्रार्थनेच्या सभेनंतर गाडीभाडे व तपासणीचा खर्च यांचीही विचारपूस आपण करतो काय?