सकाळचा एक तास

(लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी घर सांभाळून कशी करावी आणि त्यात घरातल्या प्रत्येकाचा वाटा कोणता, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, थंडीच्या दिवसांत तुम्ही कधी पहाटे भाट्याच्या पुलावर गेला आहात का? फजरची नमाज नुकतीच झालेली असते. खाडीवर धुके असते. अशा वेळी पुलावरून कोणी तरी धावत जाताना दिसते. त्यांच्यामागे कोणी लागलेले नसते. त्यांना गाडीही पकडायची नसते. मग ही माणसे का धावतात?

त्यांपैकी काही जण अर्धमॅरेथॉनची तयारी करत असतात. मॅरेथॉन ही 42.195 किलोमीटरची शर्यत आहे. 1908 साली लंडन येथील ऑलिंपिकमध्ये हे अंतर ठेवले होते. पुढे 1921 साली तेच कायमचे ठरले. त्याच्या निम्मे अंतर म्हणजे अर्धमॅरेथॉन, म्हणजेच 21 किलोमीटरपेक्षा थोडे जास्त. रत्नागिरीतही 2024 साली कोकण कोस्टल मॅरेथॉन सुरू झाली आणि आपल्या समुद्रकाठच्या रस्त्यांवर लोक 21 किलोमीटर धावले.

आता एक कल्पना करा. एके दिवशी रात्री जेवताना तुमची अम्मी म्हणाली, "या वेळी मी अर्धमॅरेथॉन धावणार."

तुम्ही हसाल का? अब्बा काय म्हणतील? दादी काय म्हणेल? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न म्हणजे, अम्मीला वेळ कुठून मिळेल?

चला, आपण हिशेब करू. ज्या निरोगी माणसाला पाच-सहा किलोमीटर सावकाश धावता येते, त्याला या शर्यतीसाठी साधारण बारा आठवड्यांची तयारी लागते. आठवड्यातून चार दिवस धावायचे. मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पाऊण-पाऊण तास, आणि रविवारी लांब अंतर. बाकीचे तीन दिवस विश्रांती. विश्रांती म्हणजे आळस नव्हे. धावताना थकलेले स्नायू विश्रांतीतच पुन्हा बळकट होतात.

रविवारचे अंतर हळूहळू वाढवायचे असते. बारा रविवारांचे किलोमीटर असे ठेवता येतील : 6, 7, 9, 7, 10, 12, 13, 10, 14, 16, 18 आणि 8. तेराव्या रविवारी शर्यत. या आकड्यांकडे नीट पाहा. अंतर सारखे वाढत जात नाही. मध्येच ते कमी होते. शिडी चढताना आपण मध्ये थांबून श्वास घेतो ना, तसेच हे आहे. जो घाई करतो, त्याचा गुडघा किंवा पोटरी दुखू लागते आणि मग महिनाभर घरी बसावे लागते.

एक किलोमीटरला आठ मिनिटे लागतात असे धरू. मग 14 किलोमीटरच्या रविवारी जवळजवळ दोन तास लागतील. इतर तीन दिवसांचे मिळून सव्वादोन तास. एकूण झाले सव्वाचार तास. आठवड्याचे तास असतात 168. त्यांतले सव्वाचार म्हणजे काहीच नाही, असे तुम्हांला वाटेल.

पण थांबा. हे तास कोणते आहेत? कोकणात ऊन वर आले की धावणे कठीण होते. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्या हवेत समुद्राचा ओलावा असतो. त्यामुळे घाम लवकर वाळत नाही, नुसता ओघळत राहतो आणि अंग तापते. म्हणून धावायचे ते सकाळी, सहा ते सातच्या सुमारास. आणि घरात सकाळी सहा ते सात काय चालते? नळाला पाणी आलेले असते. चहा ठेवायचा असतो. भाकऱ्या भाजायच्या असतात, डबे भरायचे असतात. धाकट्याचा एक मोजा सापडत नसतो. दादीला औषध द्यायचे असते. या सर्व कामांसाठी घरात एकच हाक ऐकू येते, "अम्मी!"

म्हणजे अडचण सव्वाचार तासांची नाही. अडचण सकाळच्या त्या एका तासाची आहे.

समजा, अम्मीऐवजी अब्बा धावायला निघाले, तर घर थांबेल का? नाही. चहा होईल, डबे भरले जातील. अम्मी निघाली, तर मात्र घर थांबते. असे का होते? अम्मीच्या पायांत बळ कमी असते म्हणून नव्हे. तिची कामे उचलायला कोणी पुढे येत नाही म्हणून.

केनिया हा आफ्रिकेतील देश आहे. तेथील मेरी कैटनी या धावपटूला 2008 साली मुलगा झाला. दुसऱ्याच वर्षी, 2009 मध्ये, त्यांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे अर्धमॅरेथॉनची जागतिक स्पर्धा जिंकली. 2011 साली त्यांनी हे अंतर 1 तास 5 मिनिटे 50 सेकंदांत पार केले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. 2013 साली त्यांना मुलगी झाली आणि 2014 साली त्यांनी न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली. विचार करा, घरात तान्हे मूल असताना आई सरावाला जाते, तेव्हा त्या मुलाजवळ कोणीतरी थांबावेच लागते. पदक एकाच्या गळ्यात पडते. पण त्यात थांबणाऱ्याचाही वाटा असतो.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून वेगळे आहे. 2014 च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात लता भगवान करे धावल्या. त्यांनी साठी ओलांडली होती. अंगात नऊवारी लुगडे होते आणि पाय अनवाणी होते. पती आजारी होते आणि त्यांच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. त्या बक्षिसासाठी धावल्या आणि जिंकल्या. 2020 साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्या घरासाठी धावल्या. आता प्रश्न असा आहे, की आपल्या घरातले कोणी स्वतःच्या आनंदासाठी धावू लागले, तर घर त्यांच्यासाठी काय करील?

उत्तर सोपे आहे. कामे वाटून घ्या. रविवारी रात्री सर्वांनी एकत्र बसावे. येत्या आठवड्यात अम्मी कोणत्या दिवशी धावणार, ते कागदावर लिहावे. त्या दिवशी पाणी कोण भरणार, चहा कोण करणार, दादीला औषध कोण देणार, तेही लिहावे. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. तुम्ही रात्रीच दप्तर भरून ठेवलेत आणि मोजे बुटांत घालून ठेवलेत, तर अम्मीची दहा मिनिटे वाचतील. ही दहा मिनिटे तुम्ही तिला दिलेली असतील.

धावणाऱ्यानेही काही नियम पाळावेत. घरात कोणाला ताप असेल, तर त्या दिवशी धावणे सोडावे. एक दिवस बुडाल्याने तयारी बुडत नाही. मात्र बुडालेले अंतर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून भरून काढू नये. रमजानमध्ये लांब अंतर बाजूला ठेवावे आणि इफ्तारनंतर थोडे चालावे. म्हणून शर्यतीची तारीख आधी पाहून मगच बारा आठवडे मोजावेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर जपून पाय टाकावा. अंधारात उजळ रंगाचे कपडे घालावेत आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. लांब धावून आल्यावर पाणी प्यावे, चिमूटभर मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे. सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

मुलांनो, 21 किलोमीटर ही मोठ्या माणसांची शर्यत आहे. बहुतेक ठिकाणी 18 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तिच्यात भाग घेता येत नाही. पण तुम्हांला आजही करता येईल असे काम आहे. शर्यतीच्या दिवशी शेवटच्या चढावर जाऊन उभे राहा. अम्मी पहिली येणार नाही, शंभरावीही येणार नाही. ती घामाने भिजलेली असेल, चालत-धावत येत असेल. तिला पाण्याचा पेला द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, शर्यत संपली असली तरी, चहा तुम्हीच करा.

शब्दार्थ

पल्ला – अंतर
वाटा – हिस्सा
ओलावा – दमटपणा
अनवाणी – पायांत काही न घालता
साठी ओलांडणे – वयाची साठ वर्षे पूर्ण होणे
शेवाळलेला – शेवाळ धरलेला, निसरडा

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॅरेथॉनचे अंतर किती असते?
(आ) बर्मिंगहॅम येथील जागतिक स्पर्धा कोणी जिंकली?
(इ) लांब धावून आल्यावर काय प्यावे?

2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोकणात सकाळी लवकर का धावावे?
(आ) 'अडचण सव्वाचार तासांची नाही' असे लेखकाने का म्हटले आहे?

3. पाठात दिलेल्या बारा रविवारांच्या अंतरांची बेरीज करा.

4. वाक्यात उपयोग करा : वाटून घेणे, भरून काढणे, पुढे येणे.

5. उपक्रम : तुमच्या घरी सकाळी सहा ते सात या वेळात कोण कोणते काम करते, याची यादी करा. त्यांतील कोणते काम तुम्ही उद्यापासून कराल, ते यादीखाली लिहा.