दानातून उभे राहिलेले स्मारक

दरवर्षी अशोक विजयादशमीच्या सुमारास नागपूरकडे येणाऱ्या आगगाड्या माणसांनी भरून येतात. कोणी डोक्यावर गाठोडे घेऊन, तर कोणी लेकराला कडेवर घेऊन दीक्षाभूमीच्या वाटेने चालू लागते. दूरवरून शुभ्र घुमट दृष्टीस पडताच थकलेल्या पावलांना नवे बळ येते. हा घुमट ज्या स्तूपाचा आहे, तो कोणा राजाने किंवा एकट्या धनिकाने बांधलेला नाही.

ह्याच भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांनाही दिली. पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या त्या लोकांनी त्या दिवशी ताठ मानेने नव्या आयुष्यात पाऊल टाकले. परंतु अवघ्या दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांचे निधन झाले. ज्या भूमीने आपल्याला माणुसकी दिली, तेथे त्यांचे स्मारक व्हावे, ही इच्छा सर्वांच्या मनात रुजली.

इच्छा मोठी होती. पण हाती पैसा कोठे होता? ह्या समाजातील बहुसंख्य लोक त्या काळी शेतमजुरी किंवा गिरणीकाम करून पोट भरत होते. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. शासनाने सुमारे १४ एकर जागा स्मारकासाठी दिली आणि स्मारक समितीने काम हाती घेतले. विशेष हे, की समितीने प्रथम घुमट उभारला नाही. १९६४ साली तिने त्याच परिसरात महाविद्यालय सुरू केले. ज्या महापुरुषाने ‘शिका’ हा मंत्र दिला, त्याचे पहिले स्मारक विद्येचेच असावे, हे किती योग्य झाले!

स्तूपाच्या बांधकामास १९७८ साली प्रारंभ झाला. वास्तुशिल्पी शिवदानमल यांनी सांचीचा स्तूप डोळ्यांपुढे ठेवून त्याचा आराखडा केला. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे. नागपूरचा मात्र पोकळ असून त्याच्या आत हजारो माणसे एकत्र बसू शकतात. त्याचा व्यास सुमारे १२० फूट आहे. धोलपूरचा दगड, संगमरवर, ग्रॅनाइट अशी सामग्री गोळा होत गेली. शासनाचे साहाय्य आणि लोकांच्या देणग्या ह्यांच्या बळावर काम पुढे सरकत राहिले. अखेर १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. पायाभरणीच्या वेळी जी मुले होती, ती तोवर प्रौढ झाली होती.

दान केवळ पैशाचेच असते असे नाही. नागपूरजवळ चिचोली येथे ‘शांतिवन’ आहे. त्यासाठी गोपिकाबाई ठाकरे यांनी आपली जमीन दिली. बाबासाहेबांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी प्राणापलीकडे जपलेल्या त्यांच्या नित्य वापरातील वस्तू दिल्या. बाबासाहेबांचे कपडे आणि त्यांचे टंकलेखन यंत्र तेथे पाहावयास मिळते. दीक्षा समारंभाच्या व्यवस्थेत पुढाकार घेणारे वामनराव गोडबोले यांनी ह्या ठेव्यासाठी आपले श्रम वेचले. एकाने भूमी दिली, एकाने ठेवा दिला, एकाने आयुष्य दिले.

परदेशांतही असे घडले आहे. फ्रान्सच्या जनतेने अमेरिकेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा भेट दिला. परंतु त्याच्या चौथऱ्यासाठी अमेरिकेत पैसा पुरेना. तेव्हा १८८५ साली जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून लोकांना आवाहन केले. देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापण्याचे वचन त्यांनी दिले. काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून सुमारे एक लाख डॉलर जमविले. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती. शाळकरी मुलांनीही खाऊचे पैसे पाठविले.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण अशा स्मारकांना शब्दशः लागू पडते. मात्र लहान देणग्यांचे मोल केवळ बेरजेत नाही. धनिकाने एकट्याने बांधलेली वास्तू लोक कौतुकाने पाहतात. पण जिच्यात स्वतःचा रुपया आहे, ती वास्तू ते आपली मानतात. तिची भिंत कोणी खराब करू लागला, तर त्यांचे मन दुखावते. म्हणूनच अशा पैशाचा हिशेब चोख ठेवणे हे कार्यकर्त्यांचे पवित्र कर्तव्य ठरते.

अशोक विजयादशमीला स्तूपापुढे हात जोडून उभी राहणारी एखादी वृद्धा घुमटाकडे पाहते. तिच्या घरच्यांनी दिलेला पैसा त्यातील कोणत्या दगडात आहे, हे तिला ठाऊक नसते. तरी तो तेथे आहे, ह्याविषयी तिच्या मनात शंका नसते.

शब्दार्थ : अनुयायी – मागून जाणारे, शिष्य, प्रारंभ – सुरुवात, ठेवा – जपून ठेवलेली मोलाची वस्तू, चोख – अचूक, स्वच्छ.

प्रश्न :
१. समितीने स्तूपाआधी महाविद्यालय का सुरू केले असावे?
२. सांचीचा स्तूप आणि नागपूरचा स्तूप ह्यांत कोणता फरक आहे?
३. शांतिवनासाठी कोणी काय दिले?
४. ‘दान केवळ पैशाचेच असते असे नाही’, हे विधान आपल्या गावातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.